नेवाळीच्या धावपट्टीवर विमान उतरेल का? आधी सातबाऱ्याचं बघा

विश्लेषण | ठाणे जिल्हा

ठाण्याच्या खोपट एसटी स्टँडवर पहाटे उभं राहिलं की अर्धा जिल्हा तिथेच भेटतो. मुरबाडचा, शहापूरचा, भिवंडीकडचा माणूस पिशवी घेऊन उतरतो आणि पुढची गाडी शोधतो. कोणाला पुणं गाठायचं असतं, कोणाला नाशिक. गेल्या काही वर्षांत या गर्दीत एक नवा प्रवासी दिसू लागलाय. खांद्याला बॅग, हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये विमानाचं तिकीट. पोरगा बंगळुरूला कंपनीत आहे, लेक हैदराबादला दिलीय, कोणाचा भाऊ दिल्लीला फौजेत आहे. रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही आणि विमानाचं तिकीट एसी डब्याच्या जवळपास पडलं, म्हणून गडी विमानाने निघालाय. पण विमानतळापर्यंत पोचायला त्याला एसटी, लोकल, रिक्षा आणि वर दोन-तीन तास लागतात.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तेव्हापासून कल्याण-मलंगगड रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर जुना प्रश्न पुन्हा निघालाय. नेवाळीला इंग्रजांच्या काळातली धावपट्टी आहे. जमीन संरक्षण खात्याकडे आहे. मग पुण्यात जसं हवाई दलाच्या विमानतळावरून स्वस्तातली विमानं उडतात, तसं इथे का नाही? लष्कराचं काम लष्कर करील, प्रवाशांचं काम प्रवासी विमानं करतील.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दुसरा आहे. ती जमीन कोणाची? विमान उतरलं तर कोणाचं भलं होईल आणि कोणाचा हक्क कायमचा बुडेल? हे दोन्ही प्रश्न सुटे करून बघितल्याशिवाय "विमानतळ झाला पाहिजे" किंवा "होऊ देणार नाही" या दोन्ही घोषणांना अर्थ नाही.

नेवाळीची गोष्ट कुठून सुरू होते

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत येऊन पोचल्या. मुंबई बंदर वाचवायचं तर आसपास विमानं उतरवायला जागा पाहिजे, म्हणून ब्रिटिश सरकारने ठिकठिकाणी घाईघाईने धावपट्ट्या बांधल्या. कल्याणजवळ नेवाळी, भाल, द्वारली, वसार आणि आजूबाजूच्या गावांतली सोळाशे एकरांच्या वर जमीन त्यासाठी घेतली गेली. त्यात भाताची खाचरं होती, वरकस होती, गुरचरण होती.

१९४५ मध्ये युद्ध संपलं, १९४७ मध्ये इंग्रज गेले. जमीन मात्र संरक्षण खात्याच्या नावे राहिली आणि पुढे तिचा ताबा नौदलाकडे आला. मधल्या काळात धावपट्टीवर गवत वाढलं आणि कडेच्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या भात लावला गेला. गावकऱ्यांचं म्हणणं एकच. युद्धापुरती म्हणून जमीन घेतली होती, युद्ध संपल्यावर ती परत मिळायला हवी होती. संरक्षण खात्याचं म्हणणं त्याच्या उलट. जमीन खात्याची आहे आणि तिच्यावरचं अतिक्रमण थांबवणं हे नौदलाचं काम आहे.

२०१७ मध्ये नौदलाने भिंत घालायला घेतली. महिना जूनचा होता. जून म्हणजे पेरणीचे दिवस, ज्याचं शेत भिंतीच्या आत गेलं त्याचा हंगामच गेला. २२ जून २०१७ ला नेवाळी नाक्यावर आणि आसपासच्या रस्त्यांवर उद्रेक झाला. रस्ते अडवले गेले, दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्या पेटल्या. पोलीस आणि गावकरी दोन्हीकडची माणसं जखमी झाली. नंतर गुन्हे दाखल झाले, बैठका झाल्या, केंद्राशी बोलू अशी आश्वासनं मिळाली. त्या दिवशी जे घडलं त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण ७५ वर्षं एखाद्या जमिनीचा निकाल लागत नसेल तर असा दिवस उगवतो, हेही तितकंच खरं.

सामायिक विमानतळ चालतो कसा

आता विमानाकडे वळू. लष्कराच्या तळावर प्रवासी विमानं उतरतात तेव्हा त्या जागेचे दोन भाग असतात. धावपट्टी, आकाशातली वाहतूक सांभाळणारा मनोरा आणि बहुतेक जमीन लष्कराची असते. त्याच्या कडेला थोड्या जागेवर भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रवाशांसाठी इमारत, गाड्यांचा तळ आणि विमानं उभी करायची जागा बांधतं. कागदोपत्री याला नागरी आवार म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर घर लष्कराचं आणि ओटी प्रवाशांची. घरात कार्य निघालं की ओटीवरच्यांनी थांबायचं.

महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्याच्या लोहगावचं. हा तळ १९३९ चा. इथे हवाई दलाची सुखोई विमानं आहेत आणि त्याच धावपट्टीवरून रोज प्रवासी विमानंही उडतात. आयटी आणि कारखान्यांमुळे पुण्याला गर्दी तुफान आहे, पण धावपट्टी एकच आणि तीही अडीच किलोमीटरच्या आसपास. ती वाढवायची तर आणखी जमीन लागते.

धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी २६ ऑक्टोबर २०२० पासून वर्षभरापेक्षा जास्त काळ पुण्यात रात्रीची विमानं बंद होती. पुढे १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे १४ दिवस प्रवासी वाहतूक पूर्णच बंद राहिली. काम गरजेचं होतं आणि धावपट्टी हवाई दलाची होती, त्यामुळे तारखाही हवाई दलाच्या सोयीने ठरल्या. नव्या टर्मिनलचंही तसंच. उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं, प्रवासी आत गेले १४ जुलै २०२४ ला. मधले चार महिने इमारत तयार, पण सुरक्षा दलाचं मनुष्यबळ आणि परवानग्या यांची वाट बघत बसली. आपल्याकडे नारळ फुटला की काम झालं असं समजतात, म्हणून हा दाखला ध्यानात ठेवावा.

गोव्याचं दाबोळी याहून बोलकं आहे. पोर्तुगिजांनी बांधलेला हा विमानतळ १९६१ नंतर भारतीय नौदलाकडे आला. नौदलाच्या वैमानिकांचं शिक्षण तिथे चालतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कामाच्या दिवशी सकाळचे काही तास प्रवासी विमानांना मिळत नव्हते. ३ जानेवारी २०१८ ला नौदलाचं एक मिग-२९के विमान धावपट्टीवरून घसरून पेटलं. वैमानिक वाचला, पण काही तास गोव्याची सगळी विमानसेवा खोळंबली. शेवटी गोव्याने मोप्याला वेगळा नागरी विमानतळ बांधला. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. आता काही कंपन्यांनी आपला मुक्काम दाबोळीहून मोप्याला हलवलाय आणि दक्षिण गोव्यातले टॅक्सीवाले, हॉटेलवाले दाबोळी ओस पडेल म्हणून काळजीत आहेत.

तिसरं उदाहरण नाशिकजवळच्या ओझरचं. तिथे मालकी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची. १९६० च्या दशकापासून मिग विमानं तिथे बनली आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथेच तयार झालेल्या तेजस मार्क-१ए विमानाने पहिलं उड्डाण केलं. प्रवासी इमारत २०१४ मध्ये झाली, पण नियमित विमानं यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. तेही सरकारच्या 'उडान' योजनेतून, ज्यात तासाभराच्या प्रवासाला ठराविक सीटचं भाडं २,५०० रुपयांच्या आसपास बांधलेलं होतं आणि कंपनीचा तोटा सरकार काही वर्षं भरून देत होतं. त्यानंतर कंपन्या आल्या, गेल्या, पुन्हा नव्या आल्या. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून शहापूरच्या माणसाला ओझर पूर्वीइतकं लांब राहिलेलं नाही, ही गोष्ट मात्र चांगली झाली.

स्वस्त विमानाचं गणित

स्वस्त तिकीट देणाऱ्या कंपन्यांना असा सामायिक तळ परवडतो का, हे समजायला त्यांचा धंदा समजून घ्यावा लागतो. भारतात हे गणित पहिल्यांदा २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने मांडलं. २००५ मध्ये स्पाइसजेट आली, २००६ मध्ये इंडिगो आणि २०२२ मध्ये आकासा.

एसटीच्या डेपोत बसणाऱ्याला हे गणित चटकन कळेल. गाडी डेपोत उभी राहिली की तोटा, रस्त्यावर धावली की उत्पन्न. विमानाचं तर त्याहून जास्त. भाड्याने घेतलेल्या विमानाचा हप्ता ते उडो न उडो चालूच असतो. म्हणून या कंपन्या एकाच जातीची विमानं घेतात, कारण वैमानिक, मेकॅनिक, सुटे भाग सगळं एकसारखं चालतं. एका विमानात १८० च्या आसपास सीट बसवतात. उतरल्यापासून अर्ध्या तासात पुन्हा उडायचं, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत जमतील तेवढ्या फेऱ्या मारायच्या, हा त्यांचा नेम.

लष्करी तळावर हाच नेम मोडतो. सकाळचे चार तास सरावाला राखले, रात्री धावपट्टी बंद झाली किंवा विमानं उभी करायला जागा कमी पडली, की फेऱ्या घटतात. फेऱ्या घटल्या की तिकीट महागतं. दुसऱ्या बाजूने फायदाही आहे. धावपट्टी आधीच तयार असते, नवा विमानतळ बांधायचे हजारो कोटी वाचतात. त्यामुळे मोठ्या विमानतळात जागाच उरली नसेल तर कंपन्या सामायिक तळाकडेही खुशीने येतात.

याचं ताजं उदाहरण दिल्लीजवळचं हिंडन. गाझियाबादला हवाई दलाचा मोठा तळ आहे. त्याच्या कडेला ८ मार्च २०१९ ला छोट्या प्रवासी इमारतीचं उद्घाटन झालं आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये लहान विमानं सुरू झाली. २०२५ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेस आणि नंतर इंडिगोने तिथून मोठी विमानं चालू केली. यमुनेपलीकडच्या लोकांचा दिल्ली विमानतळापर्यंतचा खेटा वाचला. मुंबई आणि कल्याण यांचं नातं बघितलं तर नेवाळीच्या समर्थकांना हिंडनचं उदाहरण आवडणारच.

पण हिंडनची उरलेली गोष्टही सांगायला हवी. दिल्लीचा मुख्य विमानतळ चालवणारी कंपनी हिंडनच्या विमानांविरुद्ध कोर्टात गेली, कारण जवळच दुसरा विमानतळ चालला की तिचं उत्पन्न घटतं. आणि मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ प्रवासी विमानांसाठी बंद झाले, त्यात हिंडनही होतं. देशावर वेळ आली की लष्करी तळ आधी लष्कराचा, यात चुकीचं काही नाही. फक्त अशा तळाच्या भरवशावर हॉटेल, गाड्या किंवा फुलांचा धंदा उभा करणाऱ्याने ही गोष्ट हिशेबात धरली पाहिजे.

आणि स्वस्त म्हणजे कायम स्वस्त नव्हे. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांवरून इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा बाकी कंपन्यांचे दर आकाशाला भिडले. शेवटी केंद्राला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० किलोमीटरपर्यंत १२,००० रुपये. म्हणजे मर्यादा घालूनही मुंबई-नागपूरसारख्या प्रवासाला १२ हजार. त्या आठवड्यात गावच्या माणसाला एसटी आणि रेल्वेच आठवली.

नेवाळीला विमान येण्याची शक्यता किती

नेवाळीचं नाव विमानतळासाठी आधीही निघालं होतं. २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नवी मुंबईच्या जागेवर, खारफुटीवरून आणि नद्या वळवण्यावरून, आक्षेप घेतले तेव्हा पर्याय म्हणून कल्याणची ही जागा चर्चेत आली. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये नवी मुंबईलाच पर्यावरणाची मंजुरी मिळाली आणि नेवाळी मागे पडलं. त्यानंतरही निवडणुका आल्या की ही मागणी अधूनमधून डोकं वर काढत राहिली.

आजची परिस्थिती बघितली तर चार गोष्टी नेवाळीच्या विरोधात जातात. एक, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. पहिल्याच टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे आणि पुढे ती वाढत जाणार. दोन, मुंबई परिसराचा तिसरा विमानतळ पालघरला वाढवण बंदराजवळ करायचं राज्य सरकारने जाहीर केलंय. तीन, दक्षिणेला मलंगगडाची डोंगररांग आहे आणि चहूबाजूंनी कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथची वस्ती वाढत आलीय. विमान उतरवायला नुसती धावपट्टी पुरत नाही, तिच्या दोन्ही टोकांना कित्येक किलोमीटर आकाश मोकळं लागतं. चार, जुनी धावपट्टी १९४० च्या दशकातल्या विमानांच्या मापाची. आजच्या १८० सीटच्या विमानासाठी ती जवळपास नव्यानेच बांधावी लागेल. म्हणजे सामायिक तळाचा जो मुख्य फायदा, तयार धावपट्टी, तोच इथे नाही.

बाजूने बोलणारी गोष्ट एकच, पण वजनदार आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, भिवंडी ही सगळी लोकसंख्या मिळून एका मोठ्या शहराएवढी होते आणि शीळफाट्याची कोंडी ज्याने अनुभवलीय त्याला नवी मुंबईही लांबच वाटते. पण त्यावर उपाय रस्ता आणि रेल्वे हा जास्त स्वस्त आहे. ऐरोली-काटई रस्ता पूर्ण झाला आणि खोपट, कल्याण, मुरबाडहून नवी मुंबई विमानतळाला एसटीच्या थेट गाड्या नियमित सुटल्या, तर जिल्ह्याच्या बहुतेक विमानप्रवाशांचं काम भागेल. नेवाळीच्या विमानतळापेक्षा ही मागणी पदरात पडणं सोपं आहे आणि तिच्यासाठी कोणाची गुंठाभर जमीनही जात नाही.

शेतकऱ्याच्या पदरात काय पडेल

समजा, तरीही उद्या सरकारने ठरवलं की नेवाळीला सामायिक विमानतळ करायचा. तेव्हा सगळ्यात मोठा फरक समजून घ्यावा लागेल तो नवी मुंबई आणि नेवाळी यांच्यातला.

नवी मुंबईला उलवे-पनवेल पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना विमानतळासाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याचं ठरलं. ते काही आपोआप मिळालं नाही. त्यामागे दि. बा. पाटलांच्या लढ्याचा वारसा होता. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली आणि तिच्या पायावर विमानतळाचं पॅकेज उभं राहिलं. पण हे शक्य झालं कारण तिथे जमीन घेणारी सिडको ही नागरी संस्था होती. तिच्याकडे शहर वसवण्याचा अधिकार होता, भूखंड पाडायचा अधिकार होता.

सामायिक तळावर असं होत नाही. नागरी आवाराला लागते थोडीच जमीन आणि बाकीची लष्कराकडेच राहते. लष्कर भूखंड पाडून देत नाही. म्हणजे नेवाळीला विमान उतरलं तर त्यातून शेतकऱ्याला विकसित भूखंड मिळेल, हे गृहीत धरणं चूक ठरेल. उलट संरक्षण खात्याची गरज नव्याने सिद्ध होईल आणि "जमीन पडूनच आहे, परत द्या" हा गावकऱ्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दाच निघून जाईल.

नोकऱ्यांचंही नीट बघावं. विमानतळाची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे असते आणि त्याची भरती देशपातळीवर होते. स्थानिकांच्या वाट्याला येतात ती सामान चढवण्या-उतरवण्याची, साफसफाईची, टॅक्सीची आणि खानावळीची कामं. बहुतेक कंत्राटी. ती कामं कमी दर्जाची नाहीत, पण त्यासाठी आधीच लेखी करार लागतो, नाहीतर कंत्राटदार माणसं बाहेरून आणतो.

आणि जी जमीन भिंतीच्या बाहेर राहील तिच्यावरही बंधनं येतील. संरक्षण खात्याच्या आवारालगत बांधकामावर निर्बंध घालायला १९०३ चा कायदा आहे. विमानतळ झाला की इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते आणि परवानगीसाठी ना-हरकत दाखला लागतो. लोहगावच्या आसपासचे लोक यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालतायत. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला बंदी आहे, कारण कचऱ्यावर घारी-गिधाडं येतात आणि पक्षी विमानाच्या इंजिनात गेला तर अपघात होतो. हा नियम खरोखर पाळला गेला तर गावांचं भलंच होईल. पण चाळ वाढवून भाडं मिळवायच्या आशेवर ज्याने एनए केलंय, त्याने उंचीच्या नियमाचा आधी विचार करावा.

खरा प्रश्न १९४२ च्या कागदाचा

शेवटी गोष्ट येते कागदावर. युद्धकाळात सरकारकडे जमीन दोन तऱ्हांनी जात असे. एका तऱ्हेत फक्त वापरापुरता ताबा घेतला जायचा. मालकी शेतकऱ्याची, सरकार भरपाई देणार आणि गरज संपली की जमीन परत. दुसऱ्या तऱ्हेत संपादन, म्हणजे मोबदला देऊन मालकीच सरकारकडे. युद्ध संपल्यावरही ताबा चालू ठेवता यावा म्हणून १९४७ मध्ये आणि पुन्हा १९५२ मध्ये कायदे झाले. १९५२ च्या कायद्यात ताब्यातली जमीन काही परिस्थितीत कायमची संपादन करायची वाटही सरकारला ठेवली होती.

म्हणून नेवाळीच्या प्रत्येक गटाला तीन प्रश्न विचारावे लागतात. १९४२ मध्ये ताबा घेतला होता की संपादन झालं होतं? ताबा असेल तर पुढे कधी संपादनाचा आदेश निघाला का आणि त्याचा मोबदला कोणी, किती घेतला? आणि सातबाऱ्यावर संरक्षण खात्याचं नाव कोणत्या फेरफाराने, कोणत्या वर्षी चढलं? एका गावात एका गटाचं उत्तर वेगळं आणि शेजारच्या गटाचं वेगळं निघू शकतं. सगळ्यांचा मिळून एकच मोर्चा निघतो, पण कोर्टात प्रत्येकाचा गट स्वतंत्र उभा राहतो.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याबद्दल गावात बरेच गैरसमज आहेत. त्या कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो आणि पाच वर्षं न वापरलेली जमीन परत करण्याची किंवा सरकारी जमीन बँकेत जमा करण्याची तरतूदही त्यात आहे. पण ही तरतूद १९४२ च्या जमिनीला आपोआप लागत नाही. शिवाय २७ गावं २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत गेली. शहरी हद्दीत हिशेब चौपटीवरून दुपटीवर येतो. म्हणजे गाव पालिकेत आहे की नाही, हा प्रश्न नुसता पाणीपट्टी-घरपट्टीचा राहत नाही. नव्याने संपादन झालं तर तोच एकरी मोबदल्याचा प्रश्न होतो.

कागद मिळवणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. ठाणे जिल्ह्यातले जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून महसूल खात्याच्या संकेतस्थळावर चढवलेले आहेत, नाममात्र शुल्क भरून मोबाइलवर काढता येतात. जे तिथे नसतील त्यांची नक्कल तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मागता येते. संरक्षण खात्याकडचे आदेश आणि नकाशे माहितीच्या अधिकारात मागता येतात. सुरक्षेचं कारण सांगून काही कागद नाकारले जातीलही, पण ८० वर्षांपूर्वी कोणत्या गटाला किती मोबदला दिला, हे गुपित असायचं कारण नाही.

हा पट्टा नुसत्या नेवाळीचाच प्रश्न घेऊन बसलेला नाही. विरार-अलिबाग मार्गिका याच तालुक्यांतून जाते, समृद्धीसाठी शहापूर-भिवंडीच्या जमिनी गेल्या. तिकडे पुरंदरला विमानतळासाठी सात गावं अजून झगडतायत. तो विमानतळ हवा झाला, कारण लोहगावचा सामायिक तळ पुण्याला पुरेना. म्हणजे सामायिक विमानतळ झाला की शेतकऱ्याची जमीन वाचते असंही नाही, पंधरा-वीस वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या तरी शेताकडे बोट दाखवलं जातं.

तेव्हा नेवाळीच्या टपरीवर विमानाची चर्चा होऊ द्यावी, त्यात गैर नाही. पण येत्या ग्रामसभेत आणि जिथे पालिका आहे तिथे प्रभागाच्या बैठकीत ठराव मांडायचा असेल तर त्याचा क्रम असा असावा. पहिला, प्रत्येक गटाच्या १९४२ पासूनच्या कागदांची जिल्हाधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याला सोबत घेऊन जाहीर पडताळणी करावी. दुसरा, ती पूर्ण होईपर्यंत जमिनीच्या वापरात कोणताही नवा बदल करू नये. तिसरा, खोपट, कल्याण आणि मुरबाड इथून नवी मुंबई विमानतळाला एसटीच्या थेट, नियमित फेऱ्या चालवाव्यात. त्यातल्या तिसऱ्या कलमाचं काम एसटीच्या एका वेळापत्रकाने होऊ शकतं. पहिल्या दोघांना वेळ लागेल, पण पुढच्या जूनमध्ये भात कुठे लावायचा, हे त्यांच्यावरच ठरणार आहे.